रवा, मैदा की साय? मरीन टँकमधले परजीवी आणि घरचे उपाय

बेळगावात मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या समुद्री माशांची काचेची टाकी, ठेवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळं एकाचा मासा दगडाला अंग घासू लागला, की चौघांचे फोन वाजतात. त्यातला एक फोन माझा. मी माशांचा डॉक्टर नव्हे. दिवस उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामात जातो आणि संध्याकाळ शहापूरच्या घरी टँकसमोर. पण नऊ-दहा वर्षांत हे एकच दुखणं मी माझ्याकडं आणि मित्रांकडं इतक्या वेळा निस्तरलंय, की आता फोनवरचं पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं मला पाठ असतं : "ठिपके आले होते, लसूण घातला, गेले की. आणि आता परत आलेत बघा."

ते 'गेले की' नीट लक्षात ठेवा. सगळा घोळ तिथंच आहे.

आधी लक्षणं

टँकचे दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च काचेला तिरपा धरा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. समोरून पाडलेल्या उजेडात निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत.

अंगावर आणि पंखांवर रव्याच्या दाण्याएवढे वेगवेगळे, मोजता येतील असे पांढरे ठिपके. मासा मधूनच वाळूला किंवा दगडाला अंग घासतो, पण खातोय. हा बहुतेक वेळा मरीन इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. टँग जातीच्या माशांना तो सगळ्यात आधी धरतो.

दाणे मोजता येत नाहीत, मैदा भुरभुरावा तशी बारीक पूड दिसते, तिरप्या उजेडात किंचित सोनेरी. मासा पंपाच्या धारेत तोंड करून उभा, श्वास धापा टाकल्यासारखा, खाणं बंद. हा मरीन वेल्व्हेट, अमायलूडिनियम. कित्येकदा पूड दिसण्याआधीच मासा जातो, कारण हा परजीवी आधी कल्ल्यांत शिरतो. इथं घरगुती प्रयोगांना वेळ नाही. थेट शेवटचा भाग वाचा.

अंगावर दुधावरच्या सायीसारखा थर, तो चिंध्या होऊन सुटतोय आणि मासा क्लाउनफिश आहे. हा बहुधा ब्रूक्लिनेला. यालाही दिवस नाहीत, तासच म्हणायचे.

ठिपका नाही, पूड नाही, पण मासा डोकं झटकतो, जांभई दिल्यासारखं तोंड उघडतो, अंग घासतो आणि डोळ्यावर मोतीबिंदूसारखं पांढुरकं पटल येतं. मग चपटे कृमी, फ्लूक, असण्याचा संशय घ्या. ते जवळजवळ पारदर्शक असतात, म्हणून दिसत नाहीत.

रवा, मैदा, साय. मी फोनवर एवढंच विचारतो. निपाणीचा एक पोरगा आता फोन उचलल्या उचलल्या "मामा, रवाच आहे" असं सांगतो.

पहिली तपासणी : हा परजीवी आहे तरी का? (खर्च शून्य)

लोक ही पायरी वगळतात आणि निरोगी माशाला औषध पाजतात. स्किमरमधून (पाण्यातली घाण फेसात काढणाऱ्या यंत्रातून) सुटलेले बारीक बुडबुडे पंखाला चिकटतात, वाळूचे कण चिकटतात; तासाभरानं पाहिलं तर जागा बदललेली असते किंवा काहीच नसतं. पंखाच्या कडेला फुलकोबीच्या तुऱ्यासारखी एखादीच गाठ आठवडेच्या आठवडे तिथंच बसून असेल, तर ती लिम्फोसिस्टिस. तो विषाणूचा प्रकार, परजीवी नव्हे. चांगलं पाणी आणि चांगलं खाणं मिळालं की बहुतेक वेळा ती आपोआप झडते.

इचचे ठिपके मात्र बदलतात. आज उजव्या पंखावर सात, परवा दोन, चार दिवसांनी शेपटीवर वीस. म्हणून रोज एकाच वेळेला फोटो काढा. त्याच वेळी कल्ल्यांची उघडझाप मिनिटाला किती होते तेही मोजून वहीत लिहा. मासा धडधाकट असतानाचा आकडा तुमच्याकडं असला, तर आजारपणातला आकडा काही सांगेल. नाहीतर 'जोरात श्वास घेतोय' हे प्रत्येकाच्या धास्तीवर ठरतं.

दुसरी तपासणी : पाणी

तापमान, खारटपणा, अमोनिया आणि पीएच. एवढ्याच चार गोष्टी, याच क्रमानं. अमोनियानं कल्ले जळत असले तरी मासा अंग घासतो आणि धापा टाकतो. तिथं परजीवीवर इलाज करणं म्हणजे दुखतंय पोट आणि लेप कपाळाला.

आपल्याकडची एक खास गोष्ट सांगतो. गोव्यातल्या मित्रांना उन्हाळ्यात टँक थंड कसा ठेवायचा याची काळजी, आणि घाट चढून साडेसातशे मीटरवर बसलेल्या आम्हाला हिवाळ्यातल्या पहाटेची. जानेवारीत रात्री हीटर बंद पडला तर टँकचं पाणी २६ अंशांवरून सकाळपर्यंत बरंच खाली येतं. त्यानंतर आठवड्याभरात ठिपके आल्याच्या तक्रारी मी इतक्या वेळा ऐकल्यात, की त्या दिवसांत पहिला प्रश्न हीटरचाच विचारतो. पावसाळ्यात लाइट गेली की पंप थांबतात, पाण्यातला प्राणवायू उतरतो. सेलवर चालणारा एअर पंप घरात असायलाच हवा. तो नसेल तर बाकीचं पुढचं वाचू नका, आधी तो आणा. थंडीनं किंवा गुदमरण्यानं परजीवी निर्माण होत नाही, तो टँकमध्ये आधीच असतो. फक्त माशाची ताकद उतरली की त्याचं फावतं.

खारटपणा मोजायला तरंगत्या काट्याचा हायड्रोमीटर असेल तर त्याच्या आकड्यावर विसंबू नका. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि तोही ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणानं जुळवून घ्या. पुढं कमी खारटपणाचा उपाय करायचा झाला, तर दोन-तीन पीपीटीच्या चुकीनं सगळी मेहनत पाण्यात जाते. वर्कशॉपमध्ये व्हर्नियर न तपासता कोणी बोअर करत नाही. इथंही तोच हिशेब.

तिसरी तपासणी : महिन्याभरात टँकमध्ये काय नवीन आलं?

हा प्रश्न विचारला की बहुतेक जण म्हणतात, "मासा नवीन नाही आणला." बरं, कोरल? गोगलगाय? दुसऱ्याच्या टँकमधला दगड? जाळी उसनी आणली होती?

यासाठी इचचं आयुष्य थोडं समजून घ्यावं लागेल, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण लसणाला मिळणाऱ्या फुकटच्या श्रेयाचं मूळ इथंच आहे.

आपल्याला दिसतो तो पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून खाणारा परजीवी. तिथं तो साधारण ३ ते ७ दिवस राहतो. पोट भरलं की स्वतःहून बाहेर पडतो, बहुतेक वेळा अंधारात, पहाटेच्या आधी. तळाशी जाऊन दगडाला, वाळूला, काचेला, कोरलच्या बुंध्याला किंवा गोगलगाईच्या शंखाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. त्या कवचात त्याचे तुकडे होत होत शेकडो पिल्लं तयार होतात. लवकरात लवकर तिसऱ्या दिवसानंतर, बहुधा महिन्याभरात, कवच फुटतं आणि पिल्लं मासा शोधत पोहू लागतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पिल्लंही बहुतेक रात्रीच सुटतात आणि मासे तळाशी, दगडाच्या कपारीत झोपलेले असतात. घरातच शिकार.

आता हिशेब मांडा. सोमवारी ठिपके दिसले. मंगळवारी तुम्ही लसूण ठेचून खाण्यात घातला. शनिवारी ठिपके नाहीत. लसूण घातला नसता तरी शनिवारी ठिपके नसतेच. परजीवी जेवण आटोपून तळाशी गेलाय. दोन-तीन आठवड्यांनी तो शेकडोंनी परत येणार. शिवाय एकदा हे दुखणं झेललेल्या माशाच्या अंगात काही महिने थोडीफार प्रतिकारशक्ती येते, त्यामुळं दुसऱ्या फेरीत काही मासे नुसतेच वाचतात आणि लसणाची कीर्ती आणखी वाढते. मी स्वतः पहिली दोन वर्षं लसणाचा भक्त होतो. तिसऱ्या वर्षी एका श्रावणात तीन मासे गेले तेव्हा वही काढून तारखा मांडल्या आणि खजील झालो.

स्वयंपाकघरातले उपाय, एकेक

लसूण. मासा खात नसेल तर लसणाच्या रसात भिजवलेलं खाणं कधी कधी तोंडात घेतो, आणि आजारी माशानं खाणं ही मोठी गोष्ट आहे. तेवढ्यापुरता वापरा. टँकच्या पाण्यात रस ओतू नका. स्किमर उतू जातो, पाणी नासतं आणि कवचातल्या परजीवीला काही होत नाही.

हळद. आपल्या जखमेवर हळद चालते, म्हणून माशालाही चालेल असं चिकोडीच्या एका काकांना वाटलं. पाणी पिवळं झालं, सिलिकॉनचे सांधे पिवळे झाले, ठिपके तसेच. नको.

कडुनिंब. हा तर धोक्याचा. कडुनिंबातली द्रव्यं किडे-कीटकांना मारतात म्हणूनच शेतात फवारतात; कोळंबी आणि खेकडे त्यांचेच लांबचे भाऊबंद. टँकमध्ये क्लीनर श्रिंप (माशांचं अंग साफ करणारी कोळंबी) असेल तर पहिला बळी त्याचा.

बदामाची वाळलेली पानं गोड्या पाण्यातल्या माशांसाठी बरेच जण वापरतात. ती पाणी आम्लाकडं नेतात; आपल्याला पीएच ८.१ ते ८.४ हवा. मरीन टँकमध्ये त्यांचं काम नाही. मीठ वाढवणं किंवा पाणी ३० अंशांवर नेणं हाही गोड्या पाण्यातल्या इचवरचा उपाय. नाव सारखं असलं तरी तो प्राणी वेगळा. समुद्रातल्या माशाला मिठाचं नवल नाही, आणि पाणी गरम केलं की त्यातला प्राणवायू आणखी कमी होतो, तोही माशाचे कल्ले आधीच पोखरलेले असताना.

तांबं. औषधांत तांबं असतं हे खरं, म्हणून एका गृहस्थांनी देवघरातली तांब्याची पळी धुऊन टँकमध्ये टाकली. किती तांबं विरघळलं, कोण मोजणार? गोगलगाई आणि कोरल चार दिवसांत संपले. दगडांनी तांबं शोषून घेतलं, त्यामुळं त्या टँकमध्ये पुढंही कोळंबी टिकेना. मासे मात्र ठिपक्यांसकट जिवंत होते.

क्लीनर श्रिंप किंवा क्लीनर रास (तेच काम करणारा मासा) हा 'नैसर्गिक' उपाय दुकानदार हमखास सुचवतात. मासा त्यांच्यापुढं उभा राहून अंग साफ करून घेतो, बघायला फार सुंदर. पण इचचा परजीवी कातडीच्या आत बसलेला असतो. तो त्यांच्या चिमट्यात येत नाही. हौसेनं ठेवा, इलाज म्हणून नको. युव्ही दिव्याचंही तसंच. पाण्यात पोहणारी काही पिल्लं त्यात मरतात, जोर कमी होतो, मुळापासून जात नाही.

मग चालतं काय? गोडं पाणी, खायचा सोडा, दोन टब आणि दिवस मोजण्याची चिकाटी.

चौथी पायरी : गोड्या पाण्याची डुबकी

तपासणी आणि उपाय दोन्ही एकात. फ्लूक असतील तर गोड्या पाण्यात ते काही मिनिटांत पांढरे पडून गळतात आणि काळ्या टबच्या तळाशी तिळासारखे दिसतात. दिसले की निदान झालं. इचवर मात्र याचा फारसा उपयोग नाही, कारण तो कातडीखाली सुरक्षित असतो. वेल्व्हेटमध्ये कल्ल्यांवरचा भार थोडा हलका होतो, तेवढाच.

राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन आहे असंच धरा. दुकानात मिळणारं अँटीक्लोर घाला आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून ठेवा. आरओचं पाणी असेल तर उत्तम. हीटरनं पाणी टँकच्या तापमानाला आणा. मग खायचा सोडा चिमूट चिमूट घालत किटवर टँकएवढा पीएच येईपर्यंत थांबा. खायच्या सोड्यानं पीएच ८.३ च्या फार वर जात नाही, म्हणून तो सुरक्षित. धुण्याचा सोडा नव्हे, बेकिंग पावडरही नव्हे. ही चूक झालेली मी पाहिलीय आणि मासा वाचला नाही.

मासा सोडा आणि घड्याळ लावा. तीन मिनिटं, फार तर पाच. सुरुवातीला तो आडवा पडल्यासारखा करतो. घाबरू नका, पण नजर हटवू नका. कल्ल्यांची हालचाल थांबत आली किंवा मासा हात लावूनही हलेना, तर एक मिनिट झालं असलं तरी बाहेर काढा. बाहेर काढून परत त्याच टँकमध्ये टाकलात तर फ्लूकची अंडी तिथं आहेतच. मासा वेगळ्या टबात न्या. डुबकीचं पाणी मोरीत ओता.

पाचवी पायरी : टब बदलणं

इचवरचा माझा भरवशाचा घरगुती उपाय हाच. औषध नाही, फक्त वेळेचं गणित. माशावरून उतरलेल्या परजीवीच्या कवचातून पिल्लं तीन दिवसांच्या आत बाहेर येत नाहीत. म्हणजे दर ७२ तासांच्या आत मासा नव्या पाण्याच्या कोरड्या टबात गेला, तर उतरलेले परजीवी मागेच राहतात. माशावर ते सात दिवसांपेक्षा जास्त बसत नसल्यानं चार बदलांत मासा मोकळा होतो.

आज पहिल्या टबात. मग ४ थ्या, ७ व्या, १० व्या आणि १३ व्या दिवशी बदल. टब दोनच लागतात, आलटून पालटून, पण मधल्या काळात रिकामा टब घासून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवायचा. एअर स्टोन, हीटर, पाइपचा तुकडा, जाळी, सगळं जोडीजोडीनं. ओला एअर स्टोन एका टबातून दुसऱ्यात नेला की सगळी मेहनत वाया; माझी पहिली खेप अशीच गेली. माशाबरोबर जुनं पाणीही जितकं कमी जाईल तितकं बरं.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर ३० लिटरचा टब आणि लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ धरा. एका टबला किलोभर, पाच वेळा भरायचा म्हणजे सव्वापाच किलो मीठ. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पीएच धरून ठेवणारी द्रव्यं नसतात. फिल्टर नाही म्हणून खाणं थोडं द्या, उरलेलं लगेच काढा आणि रोज अमोनिया तपासा.

वेंगुर्ल्याहून किंवा गोव्याहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणणारे आपल्यात बरेच आहेत. मी त्यांना दोष देत नाही, चोर्ला घाट उतरून गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत येत नाही. पण पावसाळ्यात खाडीच्या तोंडाजवळचं पाणी फिकं असतं, आणि ताज्या पाण्यातून काय येईल सांगता येत नाही. टब बदलताना ते वापरू नका.

ही पद्धत इचसाठीच. वेल्व्हेट किंवा फ्लूकवर ती पुरेशी नाही.

सहावी पायरी : टँक उपाशी ठेवणं

मासे बरे झाले, पण टँकच्या दगडावाळूत कवचं बसलेलीच आहेत. ती मारायला औषध नको. मासा नसला की पिल्लं उपासमारीनं मरतात. कवच ७२ दिवसांनंतरही फुटल्याची नोंद आहे, म्हणून सगळीकडं ७६ दिवसांचा दंडक सांगतात. कोरल, कोळंबी, गोगलगाई टँकमध्ये राहू द्या; इच त्यांना लागत नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून अधूनमधून चिमूटभर खाणं टाका.

७६ दिवस म्हणजे किती, हे आपल्या पंचांगात सांगतो. अधिक महिना नसेल तर गणेश चतुर्थीला बाहेर काढलेले मासे त्रिपुरी पौर्णिमा उलटून गेल्यावर परत. मधे दसरा गेला, दिवाळी गेली, पाहुणे आले आणि विचारून गेले, "टँक रिकामा का?" तिथंच माणसं ढिली पडतात.

खानापूरच्या मित्राकडं आम्ही ६० दिवस काढले आणि एका संध्याकाळी दगडाच्या भोकातून बोटभर गोबी मासा डोकावला. तो पहिल्या दिवसापासून आतच होता. इचला जेवायला एक मासा पुरतो. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून टँक रिकामा करताना दगड एकेक करून हातात घेऊन बघा.

या काळात माशांना साध्या काचेच्या, वाळू नसलेल्या टाकीत ठेवा. तिच्यातला स्पंज फिल्टर आजारी टँकमधून उचलून आणू नका; स्पंजवरही कवच बसतं.

सातवी : कमी खारटपणा

हे शेवटी ठेवलंय, कारण चूक करायला इथं भरपूर वाव आहे. वेगळ्या टाकीत खारटपणा दोन दिवसांत हळूहळू उतरवून विशिष्ट गुरुत्व १.००९ वर आणायचं आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही चार आठवडे तिथंच ठेवायचं. परत वर नेताना त्याहून सावकाश, आठवडाभर तरी घेऊन. १.०१२ वर 'चालतंय की' म्हणून थांबलात तर काही परजीवी तग धरतात. मुख्य टँकमध्ये हे कधीच नको; कोळंबी, गोगलगाई, कोरल आणि दगडातलं जीवन सगळं जाईल. पीएच घसरतो, तो रोज बघावा लागतो. या उपायाला दाद न देणारे इचचे वाणही आढळलेत. वेल्व्हेट आणि ब्रूक्लिनेला यांना तर कमी मिठाचं काहीच वाटत नाही. वेळ आणि चांगला रिफ्रॅक्टोमीटर असेल तरच या वाटेला जा.

इथं थांबा

मैद्यासारखी पूड किंवा सायीसारखा थर दिसला, की वरचं सगळं बाजूला ठेवा. वेल्व्हेटला मोजून दिलेलं तांबं किंवा क्लोरोक्विन लागतं, ब्रूक्लिनेलाला फॉर्मेलिन. ही तिन्ही वेगळ्या टाकीत, जाणकाराच्या देखरेखीखाली आणि नेमक्या मात्रेत द्यायची. तांब्याची मात्रा किटनं रोज मोजावी लागते. थोडी कमी पडली तर परजीवी जगतो, थोडी जास्त झाली तर मासा मरतो. फॉर्मेलिन आपल्याही डोळ्यांना आणि श्वासाला वाईट. ते घरात पोरं असताना आणूच नका.

आणखी केव्हा थांबायचं : एका दिवसात दोन मासे गेले. मासा वरच्या पाण्याला तोंड लावून धापा टाकतोय. तीन दिवस काहीच खाल्लं नाही. डोळा पूर्ण पांढरा झाला किंवा अंगावर लाल उघडी जखम दिसली. तिथं परजीवीच्या मागून जिवाणू शिरलेत. टब बदलून, ७६ दिवस काढूनही ठिपके परत आले. मग निदानच चुकलं असेल.

बोलवायचं कुणाला, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. नेहमीच्या गुराढोरांच्या डॉक्टरांना समुद्री मासा दाखवला तर ते हसून परत पाठवतात, त्यांचंही चूक नाही. माझा अनुभव असा, की आधी सूक्ष्मदर्शक शोधा. ओळखीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारं कुणी असेल तर ताज्या मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा तुकडा आणि कातडीवरचा चिकट थर काचेवर घेऊन शंभरपट मोठा करून बघता येतो. मासा बर्फावर ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका आणि तासाभरात पोहोचवा; शिळ्या माशावरचे परजीवी ओळखू येत नाहीत. त्या दृश्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून मत्स्य महाविद्यालयात माशांचे रोग बघणाऱ्यांना पाठवा. कर्नाटकात मंगळुरूचं मत्स्य महाविद्यालय १९६९ पासून आहे. मराठीतून बोलायचं असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. फोन करताना पाण्याचे चारही आकडे, तारखांसकट फोटो आणि आतापर्यंत काय काय घातलंत ते खरं खरं सांगा. लसूण घातला असेल तर लसूणही. लाजून लपवलेली तांब्याची पळी निदान बिघडवते.

आणि हाताला कापलं-खरचटलं असेल तर हातमोजे घालूनच टँकमध्ये हात घाला, नळी तोंडानं ओढू नका. खाऱ्या पाण्यातले काही जिवाणू माणसाच्या कातडीत शिरून महिनोन्‌महिने न भरणारी गाठ करतात. तशी गाठ आली तर डॉक्टरांना आधीच सांगा की घरात मरीन टँक आहे, नाहीतर त्यांना ते सुचायचं नाही.